अर्धी धुतलेली मोटर

पाडवा तोंडावर आला होता. माझे मालक सकाळीच गोठ्यातून बैलजोडी सोडून निघाले. "नाल ठोकून आणतो," एवढंच म्हणाले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा परतले ते मोटरीत बसून. मोटर चालत नव्हती. मागून हमाल ढकलत होते आणि हे पुढं चाक धरून, टोपी सारखी करून, दोन्ही बाजूंच्या दुकानांकडं बघत बसले होते. मागून कुणी बैल हाकत आणतंय का म्हणून मी दारातून वाकून बघितलं. कुणी नव्हतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या पाठीमागं. सासरे वारल्यावर आडत मालकांकडं आली होती. शेत गावाकडं होतं. घरात आम्ही तिघंच: मालक, त्यांची आई आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती आणि मूलबाळ नव्हतं.

ती जोडी माझ्या माहेरची. माहेर तीर्थपुरीच्या अलीकडं एका वाडीत. आज्यापर्यंत आमची मेंढरं होती, माझ्या वडिलांनी, आबांनी, पहिल्यांदा जमीन केली, पण जनावराचं वेड रक्तातच होतं. त्या दोघांतल्या एका गोऱ्ह्याची आई विताना मेली, तर त्याला मी शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. लग्नात आबांनी तीच जोडी आंदण म्हणून माझ्यामागं पाठवली. या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

हमाल गेले, तेव्हा मी विचारलं, "बैल कुठं हायत?"

"दिले."

"कुणाला?"

"पोलिसांच्या मोहतमीम साहेबाला. नोकरी संपली, ते वजीफा घेऊन हैदराबादला चाललेत. त्यांनी मोटर दिली, आपण जोडी दिली. बराबरीचा सौदा."

"हैदराबादला बैल घेऊन काय करणार साहेब?"

"त्यांनी तिथल्या तिथं जिनिंगवाल्याला दिले बी. कापसाच्या गाड्या ओढतेन. मोकार शिंगं हलवत उभे राहण्यापरीस बरं."

"मला इचारलं न्हाई."

तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, जणू गोठ्यातला खुंटाच बोलला. "तुला काय इचारायचं? आंदण माझ्या दाराला आलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर धुवायचा हुकूम झाला. पाडव्याला तिची पूजा करायची आणि रामनवमीला सगळ्यांनी तिच्यातून रामाच्या दर्शनाला जांबेला जायचं, असं त्यांनी आडतीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हमालांकडून धुऊन घ्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "हमालाचा हात रांगडा असतो. घरची वस्तू घरच्यानं पुसावी." आणि अंगणात बाज टाकून तिच्यावर बसले.

लांबून ती मोटर काळी दिसायची. जवळ गेल्यावर कळलं की मूळ रंग गर्द हिरवा आहे आणि वरचा काळा थर धुळीचा आणि तेलाचा आहे. मी दार उघडलं आणि आतून असा वास आला की तोंडाला पदर लावला. शिळी तंबाखू, अत्तर आणि कुत्रं. साहेब शिकारीचे शौकीन, कुत्री मागच्या बैठकीवर बसायची. लाल चामडं नखांनी ओरबाडलेलं होतं आणि फटींतून घोड्याचे केस बाहेर आले होते. दाराच्या आतल्या अंगाला पानाच्या पिचकाऱ्यांचे ओघळ वाळून दगड झाले होते. पायाखालची चटई उचलली, तर खाली उंदरांनी घर केलेलं. त्यात कापूस, केस, हरभऱ्याची टरफलं आणि मेलेली आंधळी पिल्लं. ती मी सुपात घेऊन बाहेर टाकली.

"सावकाश," बाजेवरून आवाज आला. "तळाला ओरखडा पडंल."

आडाचं पाणी खोल गेलं होतं. पोहरा वर येईपर्यंत तळहात सोलून निघायचे. मी रिठे भिजत घातले होते, त्याचा फेस करून एक बाजू आधी धुतली. पहिलं पाणी चिखल होऊन गेलं, दुसरं काळं आलं, त्यानंतर कुठं हिरवं दिसायला लागलं. चाकांच्या लाकडी आऱ्यांत वंगण बसलेलं, ते घासलेटाच्या चिंधीनं काढलं. मग पुढच्या पितळी दिव्यांवर चढलेला हिरवा थर चिंच आणि राख लावून घासला. चामड्याला जवसाचं तेल चोळलं. पिचकाऱ्यांचे ओघळ मात्र नखानं खरवडावे लागले. दुसऱ्याची थुंकी नखात घेऊन मी बसले होते, आणि नवरा बाजेवर सुपारी कातरत होता.

खरं सांगते, त्या कामात माझं मन रमलं असं मुळीच झालं नाही. काम करता करता राग निवतो असं म्हणतात. माझा वाढत गेला. जितकी ती मोटर चमकायला लागली तितकी मला तिची किळस आली. शेजारणी येऊन दाराच्या चौकटीवर हात ठेवून बघायच्या, "बाई, काय झळकून राह्यली!" म्हणायच्या, आणि आत्याबाई त्यांना पाणी द्यायच्या. पाणी मी काढलेलं.

एकदा त्यांनी बाजेवरून सांगितलं, "रंगावर विटेची भुकटी घे. अजून चमक येईल."

"रंग निघंल."

"तुला काय कळतं मोटरीतलं?"

"तुम्हाला तरी काय कळतं? कालच आली."

आत्याबाई घरातून म्हणाल्या, "नवऱ्याला उलट बोलायची रीत तुमच्या वाडीत असंल. हितं न्हाई." मी भुकटी घेतली नाही. ओलं फडकं त्या पत्र्यावर जोरात फिरवत राहिले.

अशी एक बाजू पूर्ण झाली होती, आणि मी दुसऱ्या बाजूला बादली ठेवली होती, तेव्हा आबा आले.

गावची एक गाडी ज्वारी घेऊन जालन्याला आली होती, तिच्यावर बसून आले होते. अंगावर धुतलेलं धोतर, खांद्यावर पिशवी. मी हात पुसून पाया पडले. मालक बाजेवरून उठले, "या मामा," म्हणाले. आबांनी मोटरीकडं बघितलं, पण त्यांना तिचं काही वाटलं नाही. लेकीच्या घरी कुणी पाहुणा मोटरीनं आला असेल असं समजले. त्यांनी पिशवीत हात घातला. पाडव्याच्या साखरेच्या गाठी माझ्या हातात दिल्या आणि मग घुंगरमाळांची जोडी काढली. नवीकोरी, रुंद चामड्याची, दोन्ही गळ्यांची. ती त्यांनी मुद्दाम करून घेतली होती, हे बघताक्षणी कळत होतं. "पाडव्याला घाला त्यांच्या गळ्यात," म्हणत ते गोठ्याकडं वळले.

गोठ्यात कडबा तसाच होता. आबा आत जाऊन बाहेर आले.

"रानात गेलीत का?"

मालकांनी सांगितलं. मला सांगितलं तसंच, सौदा बराबरीचा आहे, साहेब मोठा माणूस आहे, मोटर अजून कितीतरी वर्षं चालेल. आबा ऐकत उभे होते. त्यांच्या हातातल्या माळा हलल्या की वाजायच्या, म्हणून त्यांनी त्या मुठीत आवळून धरल्या.

"जावईबापू," ते म्हणाले, "जोडी पोरीची होती."

"पोरगी कुणाच्या घरात हाय, मामा?"

"तुमच्या."

"मंग झालं तर." आणि मग त्यांनी हात पुढं केला. "आणल्याच हायत तर द्या त्या माळा. मोटरीला बांधू. पुढं दिव्यांच्या मधात बराबर बसतेन."

ते थट्टेनं म्हणाले की मनापासून, हे मला आजही ठरवता येत नाही. मनापासून म्हणाले असावेत, आणि तेच जास्त वाईट. आबांनी माळा पिशवीत परत घातल्या. आत्याबाईंनी गुळपाणी आणलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. "गाडी थांबलीय," म्हणाले आणि निघाले.

मी त्यांच्यामागं गेले. डोईवरचा पदर, ओले हात, घासलेटाचा वास, तशीच. वळणावर त्यांना गाठलं.

"आबा, मला न्या."

ते थांबले. "बैलासाठी पोरगी माघारी नेली म्हणतील लोक."

"बैलासाठी न्हाई."

"मंग कशासाठी?"

मला सांगता येईना. भर गल्लीत, लोक पोती उतरवत होते, आणि मला एक धड वाक्य सुचेना. त्यांना थांबायला जमलं असतं. ते थोडं थांबले असते तर मी काहीतरी बोलले असते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मागं फीर. घर सांभाळ." बैलांसाठी ज्यांनी मुद्दाम घुंगरमाळा करून आणल्या, ते माझ्यासाठी एवढंच बोलले.

मी परत आले. मालक मोटरीच्या न धुतलेल्या बाजूला उभे होते. "झाला का निरोप? जल्दी आटप, पाणी वाळून डाग पडतेत."

मी फडकं उचललं, पिळलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"ही बाजू झाली. ती तुमची."

त्यांनी हात उचलला. शेजारणी उंबऱ्यावर होत्या, म्हणून खाली घेतला. आत्याबाई आतून जे बोलल्या ते मी इथं सांगत नाही. माझ्या आईचा उद्धार त्यात होता. मी चुलीपुढं जाऊन बसले. बाहेर बराच वेळ पोहऱ्याचा आवाज येत राहिला. त्यांना पोहरा नीट बुडवता येत नव्हता. नंतर विटेच्या भुकटीची खरखर ऐकू आली, आणि मी उठून सांगायला गेले नाही.

पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली. मिस्त्रीनं आदल्या दिवशी येऊन मोटर चालू करून दिली होती. एका बाजूनं ती हिरवीगार, दुसऱ्या बाजूनं राखाडी, खरचटलेली. मालकांनी राखाडी बाजू भिंतीकडं करून उभी केली. हार घातला, नारळ फोडला. आडतीवरची माणसं, शेजारी, सगळे जमले. आता ओवाळायचं होतं. आत्याबाईंच्या कपाळी कुंकू नव्हतं, त्यांना चालत नव्हतं. घरात सवाष्ण मी एकटी.

"ताट आण," मालक म्हणाले.

"मी न्हाई ओवाळणार."

मी हळूच म्हटलं होतं, पण सगळ्यांनी ऐकलं. आत्याबाई जवळ येऊन दातओठ खात म्हणाल्या, "सणाचा दिवस हाय. लोक बघून राह्यलेत."

"बघू द्या."

"अगं, वस्तू काय करती तुझं?"

"वस्तू काही करत न्हाई."

मालकांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी आयुष्यात खूपदा रागावून माझ्याकडं बघितलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं असं बघितलं की आता या बाईचं काय करावं हे त्यांना माहीत नव्हतं. नारळाचं पाणी त्यांच्या मनगटावरून गळत होतं. शेवटी शेजारच्या बाईला बोलवावं लागलं. ती बिचारी ओल्या केसांनीच आली, मोटरीला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि जाताना मला विचारलं, "तू का न्हाई?" मी म्हटलं, "माझी न्हाई ती." संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारपेठेत झालं होतं की आडतवाल्याच्या बायकोनं मोटर ओवाळली नाही.

रामनवमीला मालक आणि आत्याबाई जांबेला गेले. मला चल म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी गेले नसते. घरात एकटी होते, सगळी दारं उघडी टाकून भाकरी खाल्ली आणि गार फरशीवर झोपले. लग्नानंतर इतकी गाढ झोप मला लागली नव्हती.

त्यानंतर आम्ही बोलत होतो, पण लागेल तेवढंच. मीठ, पाणी, किल्ली. बैल जिनिंगच्या गाडीला जुंपलेले मला दोनतीनदा लांबून दिसले. मी जवळ गेले नाही. जवळ जाऊन त्यांच्यासाठी काय करणार होते? दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा आबांशीही मी नीट बोलले नाही. त्यांनी नवे गोऱ्हे दाखवायला गोठ्यात बोलावलं. मी म्हटलं, "तुम्हीच बघा." आईनं विचारलं, बापावर कसला राग? मी म्हटलं, त्यांना माहीत आहे. त्यांना खरंच माहीत होतं का, कुणास ठाऊक. पुढल्या उन्हाळ्यात ते गेले, आणि ते विचारायचं राहून गेलं.

मोटर काही वर्षं चालली. मालक तिच्यातून व्यापाऱ्यांकडं जायचे, आणि परत आल्यावर स्वतःच पुसायचे. पोहरा बुडवायला शिकले. लढाई सुरू झाली, तसं पेट्रोल मिळेना. तेव्हा ती गोठ्यात उभी केली. नंतर एकदा त्यांनी बाजारातून बैलांची जोडी आणली. चांगली होती, पांढरी. मला दारात बोलावून म्हणाले, "बघ."

"तुमची हायत," मी म्हटलं आणि आत गेले. त्यांना चारापाणी गडी करायचा. मी त्या बैलांच्या अंगाला कधी हात लावला नाही. त्या जनावरांचा काही दोष नव्हता, हे मला कळत होतं.

मुलं झाली. आत्याबाई गेल्या. एकदा जेवताना मालकांनी मान वर न करता विचारलं, "अजून राग हाय का?"

"हाय."

"बरं," म्हणाले, आणि भाकरीसाठी ताट पुढं केलं. मी वाढली.