काठावरचे डॉक्टर

ग्लासगोत आमच्या शेजारी राहणारे डॉक्टर जन्मभर हॉस्पिटलात भूल देत आले. रिटायर झाले, तरी बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. छातीकडे बघतात, श्वास मोजत असल्यासारखे. "बोला, बोला. थांबू नका."

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं चीनला गेलो होतो. तळ्याकाठचं महागडं रिसॉर्ट, गरम पाण्याची कुंडं. सगळे पाण्यात उतरले. डॉक्टर मात्र बूटमोजे घालून काठावर बसलेले, माझ्यावर नजर ठेवून.

"अहो, या की आत!"

"तुम्ही शंभरपासून उलटे आकडे म्हणा."

भूल देताना पेशंटला म्हणायला लावतात, तसे. मी हसत सुरुवात केली. ब्याण्णवपर्यंत आलो, तोच त्यांनी बुटांसकट पाण्यात उतरून मला बाहेर ओढलं. चारचौघांत! मी चांगलाच चिडलो.

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही. पाणी फार गरम आहे."

परतल्यावर जीपीला, म्हणजे आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला दाखवलं. सगळं नॉर्मल. तरी शेजारचे डॉक्टर रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, "काय खाल्लंत?" मी सांगत राहतो, ते छातीकडे बघत राहतात.

काल मी "पोहे" म्हणालो आणि पुढच्या शब्दाआधी श्वास घ्यायला थांबलो. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाले, "आज नका बोलू. दमाल."