कुंडलिकभावजींची शिट्टी

आमच्या शेळगावात कुंडलिकभावजींइतका अबोल माणूस नव्हता आणि त्यांच्याइतकी बोलकी शिट्टीही कुणाची नव्हती. मी त्यांच्या चुलतभावाची बायको, घराला घर लागून, म्हणजे चेष्टेचा परवानाच. दुपारी कालव्याच्या फाट्यावर तीन-तीन कळप पाण्यावर यायचे आणि मेंढरं एकमेकांत मिसळून जायची. भावजी दातांना जीभ टेकवून एकच लांब शिट्टी घालायचे. त्यांची नव्वद मेंढरं तेवढी त्या गर्दीतून माना वर काढून बाहेर यायची.

"तुला बी अशीच बोलावत्यात का गं?" मी त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईला विचारायचे.

"मला तेवढं बी न्हाय," ती म्हणायची.

शहाण्णव साली त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रक्त येतं म्हणून त्यांनी दात घासायचंच सोडलं. जखमेला हात लावू नये, एवढंच त्यांना ठाऊक. तोंडाचा वास उंबऱ्यापर्यंत यायला लागला तेव्हा द्वारकाबाईनं त्यांना बारामतीला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. फुकटची करमणूक कोण सोडतं?

डॉक्टरीण तरुण होती, योगिनी नावाची. तिनं आरसा धरून दातांवरचं पिवळं किटण दाखवलं. म्हणाली, "काका, या चिकट थरात जंतू राहतात. थोडे असले की गप्प असतात. पण रसायनं सोडून एकमेकांना खुणा करत राहतात. पुरेसे जमले, की खुणा दाट होतात आणि सगळे एकदम वागणं बदलतात. मग हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं. हे संशोधन अगदी ताजं आहे."

भावजी आपणहून बोलले. "म्हंजी तेंची बी शिट्टी असती."

"तसंच समजा. रोज घासून थर मोडला, की कळप जमत नाही."

तिनं किटण खरवडलं. हिरडीच्या आतलं राहिलंय, महिन्यानं परत या, नाहीतर दात जातील, असं दोनदा बजावलं.

परतीच्या एसटीत भावजी जिभेनं दात चाचपत होते. किटणानं धरून ठेवलेले दात आता मोकळे झाले होते.

"हलत्यात," ते हळूच म्हणाले.

माझ्या जिभेला तेवढंच पुरलं. "भावजी, डॉक्टरणीनं गिलावा काढला, आता विटा पडणार."

गाडीभर हशा झाला. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत मी तेच पुन्हा सांगितलं, आणखी रंगवून. आठवड्यात पोरंसोरंसुद्धा भावजींना विचारायला लागली, "तात्या, किती विटा राहिल्या?" एकट्या माझ्या बोलण्याला ते हसले असते. सगळं गाव बोलायला लागल्यावर त्यांना ते खरंच वाटलं.

महिना भरला तशी द्वारकाबाई म्हणाली, "आज जायाचं हाय."

"आता गिलावा न्हाय काढायचा," भावजी म्हणाले.

हिरड्या घट्ट होतात म्हणून मी त्यांना माझ्यातली मिश्री दिली. तंबाखूनं ठणका तेवढा थांबला.

दोन वर्षांत समोरचे पाच दात गेले. एक तर भाकरीतच राहिला.

एका दुपारी फाट्यावर सिद्धू मेंढक्याचा कळप त्यांच्या कळपात मिसळला. भावजींनी जीभ टेकवली, पण टेकायला काही नव्हतंच. नुसती हवा फसफसली. जवळच्या दोन-चार मेंढरांनी वर बघितलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं. मग सिद्धूनं शिट्टी घातली. त्याची निघाली, त्यांच्या मागं भावजींचीही निघाली.

"तात्या, आता ही माझीच की," सिद्धू हसत म्हणाला.

भावजींनी अंगावरच्या रंगाची खूण बघून एकेक मेंढरू कान धरून वेगळं काढलं. दिवस कलला तरी ते काढतच होते. त्याच महिन्यात त्यांनी कळप विकला. द्वारकाबाईनं कवळी करून आणली, पण बोलवायला कुणी राहिलं नव्हतं.

आता ते बारामतीच्या एमआयडीसीत एका गेटावर वॉचमन आहेत. गळ्यात कंपनीची प्लॅस्टिकची शिट्टी असते. परवा भेटले तेव्हा माझी जुनी खोड जागी झाली.

"भावजी, वाजवून दाखवा की," मी म्हटलं.

त्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी माझ्या हातावर ठेवली.

"तुमीच वाजवा, वैनी," ते म्हणाले. "तुमचं सगळी ऐकत्यात."