वाडग्याच्या तोंडाशी

मंडळी, भुताखेतांचे किस्से निघाले की मी आजवर टिंगल करणाऱ्यांत असायचो. बायको असल्या पोस्ट वाचून घाबरायची आणि मी तिला चिडवायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण लिहितो.

२०१७ सालचा हिवाळा. आम्ही परदेशात, सरे शहरात, एका बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचो. कॉलेज करत करत मी पुरातत्त्वाच्या एका लॅबमध्ये पार्टटाइम जायचो. काम साधं — दूरदेशीच्या एका डोंगरी गुहेतून खणून आणलेली माती चाळायची, त्यातले जळके जवाचे दाणे आणि हाडांचे तुकडे निवडायचे. सहा-सात हजार वर्षांपूर्वी तिथे शेती करणारी, मेंढरं पाळणारी माणसं होती. गुहेतच मेंढरं कोंडायची. मी माण तालुक्यातल्या धनगराच्या घरातला, त्यामुळे लेंड्यांचा थर लॅबच्या प्रोफेसरबाईंच्या आधी मी ओळखायचो. बाईंना त्याचं भारी कौतुक.

एका शनिवारी सुनंदाची, म्हणजे बायकोची, शिफ्ट होती. चार वर्षांच्या लेकीला, राहीला, सांभाळायला कोणी नाही, म्हणून बाईंना विचारून तिला लॅबमध्ये नेलं. सकाळचे अकरा, अख्ख्या मजल्यावर आम्ही दोघंच. टेबलावर त्या गुहेच्या जमिनीचा कापून आणलेला तुकडा होता, त्यावर खुरांचे ठसे. ते बघून राहीनं विचारलं, मेंढ्यांना घर कसं सापडायचं?

झालं, मला चेव आला. माझे आजोबा संध्याकाळी जीभ टाळूला लावून लांब हाळी द्यायचे, तशी दिली. पार घसा फाडून.

आमच्यात एक रीत आहे. हाळी दिली की घरातलं एक पोर वाडग्याच्या तोंडाशी, म्हणजे कोंडवाड्याच्या दारात, बसतं आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवतं. शेवटचं आत गेलं की म्हातारा "भरलं" म्हणतो, मग जाळी ओढतात. हे मी राहीला कधीच सांगितलं नव्हतं. तिनं मेंढरू फक्त पुस्तकात पाहिलेलं.

हाळी थांबली आणि ओल्या लोकरीचा वास आला. राही उठली, स्टोअररूमच्या उघड्या दारात जाऊन मांडी घालून बसली. हवेत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, हात ठेवायची, उचलायची, परत ठेवायची. फरशीवर खुरं वाजत होती. दिसत काहीच नव्हतं. माझ्या पोटऱ्यांना काहीतरी गरम घासून गेलं.

"राही, चल इकडे."

"आय कान्ट, बाबा. दे आर नॉट डन."

मग ती आतल्या अंधाराकडे बघून हसली आणि म्हणाली, "शी सेज आय कॅन गो इन टू."

"भरलं" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं... भरलं म्हटलं की दार लागतं. आणि माझी पोर बरोब्बर दारात होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मी झडप घालून तिच्या काखेत हात घातले, तर उचलेना. एवढंसं पोर ते! पलीकडून कुणीतरी तिचा हात धरला होता, हे मी शपथेवर सांगतो. अक्षरशः रडत ओढली, छातीशी धरली आणि ओरडलो, "भरलं, भरलं!"

दार धाडकन लागलं. खुरांचा आवाज बंद.

गाडीत बसवताना पाहिलं तर तिचा तळहात मेणचट झाला होता, लोकर हाताळल्यावर होतो तसा. सुनंदानं तो दोनदा साबणानं धुतला. ती घाबरली नाही, माझ्यावरच भडकली — असल्या जागी लेकराला नेलंच कशाला म्हणून. सोमवारी मी काम सोडलं. बाईंना काय सांगणार? तब्येतीचं कारण दिलं.

वाऱ्यानं दार लागलं असेल, पोरीनं खेळ केला असेल, वासाचा भास असेल... सगळं स्वतःला सांगून पाहिलं. पटत नाही. राहीला आता त्यातलं काही आठवत नाही. पण पार्कमध्ये ती कितीही लांब गेली तरी मी तिला हाक मारत नाही. धावत जातो आणि हात धरून आणतो. हाकेला फक्त तीच येईल, याची मला आता खात्री नाही.