एका डोळ्याचे दिवस

सासूबाई पहिल्यांदा पडल्या त्या बिल्डिंगच्या जिन्यात. पायऱ्या संपल्या असं समजून त्यांनी पाय पुढे टाकला, आणि अजून एक पायरी शिल्लक होती. गुडघ्यावर निभावलं. दुसऱ्यांदा पडल्या घणसोली गावात, मासळी घेऊन परतताना, फुटपाथच्या कडेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण ऑपरेशनचा विषय काढला की त्या म्हणायच्या, "या वयात मला काय सुईत दोरा ओवायचाय?" फुटपाथवर पडल्या त्या रात्री मात्र जेवता जेवता स्वतःच म्हणाल्या, "घ्या बाई करून काय ते."

वाशीच्या दवाखान्यात आधी उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर मी उभी होते. त्या बघतच राहिल्या. "अगो, तुझे केस केवढे पिकलेत! मला कुणी बोललं पण नाही."

मला हसू आलं. पण रिक्षात बसल्यावर डॉक्टरांचं बोलणं डोक्यात घोळायला लागलं. डावा डोळा महिन्याभराने करायचा होता. तोवर दोन डोळे दोन तऱ्हेने बघणार, जुना चष्मा उजव्या डोळ्याला चालणार नाही, अंतराचा अंदाज चुकणार. "पेशंटला वाटतं, दिसायला लागलं म्हणजे सुटलो," डॉक्टर म्हणाले होते. "पण मधले दिवसच जास्त जपायचे."

नवरा उरणला कंटेनर यार्डात, सकाळी गेलेला अंधार पडल्यावरच येतो. माझं ऑफिस महाप्याला. मी तिथून सारखी फोन करायची. ड्रॉप्स घातले का? बाथरूममध्ये पाणी सांडलं नाही ना? एकदा त्यांनी फोन उचलला नाही, तर मीटिंग सोडून मी घरी आले. त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. "मी काय काचेची आहे काय?" एवढंच म्हणाल्या, पण आवाज दुखावलेला होता.

दिसायला लागल्यापासून त्यांना घरातली धूळही दिसायला लागली होती. फ्रिजमागे, ट्यूबलाइटवर, पंख्याच्या पात्यांवर. "इतकी वर्षं या घाणीत राहिलो आपण?" मी म्हटलं, रविवारी मी पुसते. रविवारी मी आंघोळीला गेले आणि बाहेर धप्पकन आवाज झाला.

ओल्या केसांनी धावले. त्या हॉलमध्ये जमिनीवर बसलेल्या, हातात फडकं, शेजारी प्लॅस्टिकचं स्टूल आडवं. पंखा पुसून उतरताना जमीन वाटली तिथे नव्हती. कंबरेवर हात दाबून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओरडू नकोस गो. आधी मला उठव."

मला त्यांना उठवता येईना. ओढावं की नको, तेही कळेना. शेवटी शेजारच्यांना हाक मारली. एक्स-रे निघेपर्यंत मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये येरझारा घालत होते. खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते मी माझ्या आत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. ती परत उभी राहिलीच नाही.

हाड मोडलं नव्हतं. नुसता मुका मार. पण घरी आल्यावर सासूबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. पाणीसुद्धा मागून घ्यायला लागल्या. आता फोनची गरज नव्हती, त्या कुठे जाणारच नव्हत्या. मला बरं वाटायला हवं होतं. उलट झोप उडाली.

सोसायटीत एक फिजिओथेरपिस्ट राहते. तिला बोलावलं. तिने सासूबाईंना एकच विचारलं, "आजी, सगळ्यात जास्त भीती कसली वाटते?"

"पडण्याची नाही," त्या म्हणाल्या. "खाली पडून राहण्याची. कुणी येईपर्यंत."

मग तिने जमिनीवरून उठायला शिकवलं. कुशीवर वळायचं, हातगुडघ्यांवर यायचं, पलंगाचा आधार घेऊन एक पाय पुढे रोवायचा, मग उठायचं. सासूबाई मला म्हणाल्या, "आधी तू करून दाखव." मी फरशीवर आडवी झाले आणि उठताना अशी धडपडले, की त्या किती दिवसांनी खळखळून हसल्या. नंतर रोज संध्याकाळी, कंबर थोडी बरी झाल्यावर, आम्ही दोघी हे करायचो. मी हात पुढे केला की त्या बाजूला सारायच्या.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन थोडं लांबलं, पण झालं. नवा चष्मा आला. स्टूल मी शेजारणीला देऊन टाकलं. त्यावरून दोन दिवस अबोला.

परवा त्या म्हणाल्या, "मी खाली बागेत जाते. एकटी." मी हो म्हटलं, आणि दार लागताच गॅलरीत जाऊन उभी राहिले. बराच वेळ त्या खाली दिसेनात. गॅसवर दूध होतं, तरी जागची हलले नाही. मग त्या बिल्डिंगच्या दारातून बाहेर आल्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरल्या आणि बाकावरच्या बायकांत जाऊन बसल्या.

आत दूध उतू गेल्याचा वास आला. तरीही मी आणखी थोडा वेळ तिथेच उभी होते.