न संपणाऱ्या सलाईनच्या मागावर, नामपूरला

तेहतीस वर्षं नर्सिंग केलं की एक खोड जडते. सलाईनची बाटली दिसली की नजर आधी थेंबांवर जाते. म्हणूनच केवळबाईंनी पाठवलेले फोटो मला पहिल्यापासून खटकत होते.

प्रकरण असं. आमच्या वॉर्डात सोबत काम केलेली छाया वारली, तेव्हा आम्ही पाच मैत्रिणींनी तिच्या माहेरी, नामपूरजवळच्या खेड्यात, शाळेमागच्या माळावर पंचवीस झाडं लावली. कडुनिंब, करंज, आपटा. पाऊस संपल्यावर पाण्याचं काय? युक्ती मी काढली. प्रत्येक रोपाशेजारी काठीला सलाईनची बाटली उलटी टांगायची, नळी मुळाशी सोडायची आणि नळीवरचं चाक फिरवून मिनिटाला दहा थेंब लावायचे. कोरे सेट मीच आणले. देखभाल शाळेत खिचडी शिजवणाऱ्या केवळबाईंकडे दिली. दर पंधरवड्याला बाटलीसकट फोटो पाठवायचा, हा नियमही माझाच.

फोटो अगदी वेळेवर यायचे. पण दिवाळी असो, संक्रांत असो, होळी असो, बाटली गळ्यापर्यंत भरलेली. चालू सलाईन कधीतरी अर्धी दिसेल की नाही? शिवाय झाडंही नेहमी पुढच्या ओळीतली तीच तीन.

"बाकीची बावीस कुठेत?" मी आमच्या पाचातल्या मालतीला विचारलं.

"असतील की गं," ती म्हणाली. मालतीला सगळं जग खरं बोलतं असंच वाटतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं: न कळवता जायचं. सोबत मालती.

जाणार असाल तर नाशिकहून सकाळची पहिली सटाणा एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहेच. जागा डावीकडची घ्या, नाहीतर उजवीकडचं ऊन पार भावडबारीचा घाट संपेपर्यंत छळतं. घाटानंतर देवळा, मग सटाणा. सटाण्यात स्टँडबाहेर पोहे खाल्ले, गरम आणि झणझणीत. तिथून नामपूरला जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे घाईत असाल तर या वाटेला जाऊ नका. नामपूरच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यात आमचा अर्धा तास गेला.

याच अर्ध्या तासात मालतीने घोळ घातला. ड्रायव्हरने विचारलं, "कोनाकडे जाऊ राहिले ताई?" तिने छायाच्या गावाचं, झाडांचं, केवळबाईंचं सगळं सांगून टाकलं.

"मंग आमनी केवळमावशीच ती!" म्हणत त्याने तिथल्या तिथे फोन लावला. "मावशी, नाशिकना पाव्हन्या येऊ राहिन्यात!"

मी कपाळाला हात लावला. आता माळ ओला मिळणार, बाटल्या भरलेल्या मिळणार.

झालंही तसंच. जीपवाल्याने थेट गावापर्यंत सोडलं, तर शाळेच्या फाटकात केवळबाई उभ्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले. "चहा ठेवते," म्हणाल्या. मी म्हटलं, "आधी झाडं."

पुढच्या ओळीत तीन बाटल्या टांगलेल्या होत्या, काठोकाठ. मी नळी बोटात धरून पाहिली. थेंब नाही. चाक पूर्ण उघडलं तरी नाही. मागे वळून पाहिलं, तर बाकी झाडांना काठ्याच नव्हत्या, बाटल्या तर दूरच.

"केवळबाई, हे बंद आहे."

"बंदच शे," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून."

"आणि फोटो?"

"फोटोआधी भरते ना. तुमी म्हने, बाटली दिसायला पाहिजे."

मला चढलेला राग मालतीला दिसला असावा. तिने माझा दंड धरला. मी तो सोडवून झाडं मोजत सुटले. बावीस उभी, तीन ठिकाणी नुसत्या वाळक्या काड्या. पण उभी होती ती चांगली कंबरेएवढी, आणि एप्रिलच्या उन्हातही पानांवर तजेला होता. प्रत्येकाच्या बुंध्याशी माती ओली. आत्ताच ओतलं असणार, जीपवाल्याचा फोन होताच ना! बुंध्याशेजारी दोन-दोन चपटे दगड मात्र समजेनात.

एक दगड उचलला. खाली संक्रांतीचं सुगड, तोंडापर्यंत जमिनीत पुरलेलं, आत पाणी.

"हे केव्हा पुरलं?"

"संक्रांत झाल्यावर. वानाची सुगडं घरोघर पडेल ऱ्हातात. सगळ्या बायांकडून गोळा केली. पानी हळू हळू बाहेर पाझरतं. दोन दिसाआड भरते."

बोलणं पटण्यासारखं होतं. म्हणूनच माझा विश्वास बसेना. "एक उकरून बघू का?" मी विचारलं.

त्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं.

मी झाडाच्या उलट बाजूने, जपून माती काढली. सुगडाच्या अंगावर क्षारांचा पांढरा थर होता. आणि त्याला बिलगलेली मुळं, दोऱ्यासारखी बारीक, पार गोल वेढा घातलेली. फोन आल्यानंतरच्या तासाभरात पाणी ओतता येतं, माती भिजवता येते. मुळं अशी वळवता येत नाहीत. मी घाईघाईने माती परत लोटली.

"इथलं पानी जड शे, ताई," केवळबाई म्हणाल्या. "तुमच्या नळ्या आठ दिसात बुजल्या. संक्रांतीपर्यंत मी तांब्याने पानी घातलं. तीन गेली, ती तेव्हा."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं ना फोनवर. तुमी म्हने, चाक नीट फिरवा, तुमाले जमत नसेल. मंग मी परत नाय बोलले."

मला तो फोन आठवला. बँकेच्या रांगेत उभी होते. दोन वाक्यं ऐकली असतील, नसतील.

जेवायला बाजरीची भाकरी आणि ठेचा होता. मी अर्ध्या भाकरीवरच उठले. मालती मात्र दोन भाकऱ्या जेवली. छाया लहानपणी याच शाळेत होती हे केवळबाईंनी सांगितलं. दोघी एका वर्गात. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

निघताना मी तिन्ही बाटल्या उतरवून पिशवीत घातल्या आणि म्हटलं, "केवळबाई, चूक माझी होती." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. झाडं जगली ना?"

तुम्ही कुठे रोपं लावणार असाल तर माझा अनुभव घ्या. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर बारीक नळीच्या भानगडीत पडू नका. भाजलेल्या मातीचं कुठलंही भांडं चालेल, फक्त त्याला रंग दिलेला नको, आणि तोंड झाकायला विसरू नका.

सटाण्याहून परतीची एसटी दुपारी तीनला मिळाली. वाटेत मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं: "बावीस जिवंत. बाटल्यांची माझी कल्पना फसली होती. झाडं केवळबाईंनी जगवली." पाठवायचं बटण दाबायला मात्र मला देवळ्यापासून पिंपळगावपर्यंत वेळ लागला. माझा स्वभाव एका दिवसात बदललाय असं नाही. दोन दिवसाआड खरंच भरतात की तीन, हा प्रश्न पिंपळगावनंतरही डोक्यात होताच.

घरी पोहोचल्यावर कळवायला केवळबाईंना फोन केला. पोहोचलो, एवढंच सांगून ठेवणार होते. तेवढ्यात त्या बोलायला लागल्या. विहिरीचं पाणी खाली चाललंय, मे महिना कसा काढायचा, बोअरवाल्याला त्यांनी काय विचारलंय, कोणत्या करंजाला कीड दिसतेय. मी दारातच उभी होते, खांद्यावर पिशवी, पायात चपला. त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मी मध्ये एक शब्द बोलले नाही.