बाईची पोरं

सकाळी बोडीच्या, आमच्या गावतळ्याच्या, पाळीखाली बाई यायच्या, ओल्या मुरमावर पंजा ठेवायच्या आणि मले इचारायच्या, "पोरं जेवली का, भाऊ?"

पोरं म्हणजे जंतू. बाईची सारी नोकरी तेलाच्या विहिरीवर गेली. रिटायर झाल्या अन् सिंदेवाहीकडं, आमच्या गावी, माहेरी आल्या. त्या सांगत, तिकडं जमिनीत पाणी सोडून तेल ढकलतेत. पण पाणी मोठं लुच्चं. भुसभुशीत दगडातून पळून जाते, तेल तिथंच राह्यते. मग त्या दगडात जंतू सोडाचे, गुळाचं पाणी पाजाचं. जंतू वाढले, चिकट झाले, की भोकं बंद. पाण्याले दुसरीकडून जावंच लागते.

आमची बोडीही तशीच पाझरत होती. बाईनं पाळीत पाइप रोवले अन् जंतू ड्रमात भरून आणले. जंतू म्हटल्यावर मी मुंगळ्याएवढे समजलो. ड्रमात टॉर्च मारला, काईच नाई. म्हटलं, "बाई, पोरं पळाली." बाई हासून हासून खालीच बसल्या.

गूळपाणी पाइपात ओताचं काम माह्याकडं, कारण पाझर माह्याच बांधीत, धानाच्या वावरात, निघे. धान निसवायच्या, लोंब्या निघायच्या वक्ती बोडी आटे, साऱ्याइच्या बांध्या सुकत, माही हिरवीगार. मी चौकात बसून लोकाइले शेती शिकवत होतो. बियाणं असं निवडा, खत तसं टाका. अक्कल सारी पाझराची.

आता तोच पाझर मी गूळ पाजून बुजवून राह्यलो होतो. बायको म्हणे, "सोताच्याच धानाचं पाणी तोडते, असा शहाणा म्या नाई पाह्यला."

मी बाईले इचारलं, "माही बांधी पाटाच्या शेपटाले. तिथवर पाणी कधी येत नाई. आता नाई आलं तर?"

"बोडीत पाणी टिकलं तर येते. नाई आलं तर तुमच्या घरी येईन, शिव्या खायाले."

पाझर थांबला. बाईचा पंजा कोरडा निघाला. गाव खूश. माह्या बांधीले मात्र भेगा. पाट सुटला, पण वरच्या बांध्या आधी पिऊन राह्यल्या होत्या. मी पाळीवर बसून राह्यलो.

"पोरं जेवली का?"

"जेवली."

"अन् भाऊ, तुमी?"

हे बाईनं कधीच इचारलं नोतं. बाईनं डबा सोडला, भात अन् वांग्याची भाजी माह्यापुढं सरकवली. दोन घास झाले असतील, तं पाटात वाळली पानं ढकलत पाणी आलं. पुढं एक बेडूक. मी उष्ट्या हातानंच धावलो.

बाई मागून म्हणल्या, "त्यातच धुवा आता हात."

बाई आता मुलचेऱ्याकडं, दुसऱ्या तलावावर. माहं धान औंदा साऱ्याइच्याएवढंच आहे. चौकात मले कोणी काई इचारत नाई. लई बरं वाटते, खोटं बोलाचं काम सरलं.

पोरं उपाशी राह्यली तर भोकं परत उघडतेत, असं बाई सांगून गेल्या. म्हणून अजून अधूनमधून पाइपात गूळपाणी ओततो. मुरमावर पंजा ठेवतो. कोरडा निघते.

मग घरी जाऊन जेवतो.