मोतीरामच्या डोक्यावरची माती

चिखलीत विचारा, खामगावात विचारा, लोणारच्या बाजारात एखाद्या म्हाताऱ्याले धरून विचारा, का मोतीराम धुरेवाला कोण होता. ज्याले सांगता येणार नाही तो त्या मुलखातला नाही, असं खुशाल समजा. चौथी शिकलेला माणूस. वकिलाइच्या बैठकीत त्याले बसाले खुर्ची नव्हती, पण त्याच्या शब्दाले होती. अशा माणसाच्या पाठीवर जन्म घ्यायले नशीब लागते, आणि त्याच्या आधी जन्म घ्यायले त्याहून मोठं लागते. त्याचा मोठा भाऊ उकंडराव हे सगळ्याइले सांगत फिरे.

बैठक म्हणजे खामगावातली जोडवकिलाची बैठक. महादेवराव वकील आणि गफ्फार वकील, दोघाइचं दार एक, पाटी एक. एक गंध लावणारा, एक नमाज पढणारा. दोघंही दिवाणी दावे चालवत, वाटण्याचे, वहिवाटीचे, आणि सगळ्यात जास्त धुऱ्याचे. दोन वावराच्या मधातल्या बांधाले वऱ्हाडात धुरा म्हणते. वीतभर धुऱ्यासाठी अठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढते. म्हणून त्या दोघा वकिलाइनं आपली एक रीत पाडली होती. धुऱ्याचं भांडण आलं का दावा लगेच लावायचा नाही. आधी मोतीरामले वावरात पाठवायचं.

"कोर्टात धुरा सरळ होते," गफ्फार वकील म्हणत, "पण तवरोक माणसं वाकडी होऊन जाते."

बाजाराच्या दिवशी बैठकीसमोरच्या निंबाखाली खेड्यावरचे लोक जमत. त्याइच्यासाठी वकिलाइनं दारात विहीर खोदली होती. दुष्काळात त्याच निंबाखाली आंबिलीची हंडी चढे. आणि भांडत आलेले दोघं जण एकाच बादलीतून पाणी पिऊन मोतीरामसंगं वावराकडं निघत.

धुरा चालायची रीत जुनी होती. दोघाइनं कबूल केलेला माणूस अंघोळ करून, उपाशी, अनवाणी, त्याच वावरातलं मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन चाले. जठून तो चालला तो धुरा. वाटेत ढेकूळ पडलं तं पुन्हा पहिल्या दगडापासून चालायचं. आणि त्या वावरातलं पुढचं पीक घरी येईस्तोवर चालणाऱ्याच्या घरात काही वाईट झालं नाही तं धुरा खरा. झालं तं माती बोलली, माणूस खोटा चालला, असं समजत.

"हा काही कायदा नाही," महादेवराव वकील कधी कधी कुरकुरत. "पण लोक कायद्यापेक्षा याले जास्त भेते. या भेवानं चार घरं वाचत असतील तं वाचू द्या." मग बैठकीत दोघाइचे अंगठे कागदावर घेत, आणि भांडण मिटे.

उकंडरावची छाती बाजारात मावत नसे. "अबे, माह्या भावाच्या डोक्यावरची माती म्हणजे सरकारचा शिक्का!"

"मंग दादा, त्याले तहसीलदार काऊन नाही करत?" कोणी तरी काडी लावे.

"तहसीलदाराले कोण पुसते बे? तहसीलदार बदलून जाते. धुरा जाते काय?"

घरी मात्र मोतीरामची बायको तानुबाई ढेकळाच्या नावानंच पांढरी पडे. मोतीराम कोणाचा धुरा चालून आला का त्या वावरातलं पीक खळ्यात येईस्तोवर तिच्या जिवात जीव नसे. "माती तुमच्या डोक्यावर," ती म्हणे, "आणि जीव माह्या पोरीचा टांगलेला." पोरगी एकच, कोकिळा. मोठी खोडकर. एक दिवस अंगणात ढेकूळ डोक्यावर घेऊन ठुमकत चालली, "मी बाबा हाये! चूल आईची, झोपाळा माहा, बैल मोठ्या बाबाचे!" उकंडराव हसून हसून लोळला. तानुबाईनं तिच्या हातावर चापट मारली, ढेकूळ हिसकलं आणि लांब फेकून देलं. मंग पोरीले पोटाशी धरून आपणच रडत बसली.

ज्या वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. काटेगव्हाणचे हिंमतराव पाटील आणि रहेमतुल्ला, दोघाइच्या वावराच्या मधातून नाला जाये. आदल्या पावसाळ्यात पुरानं धुऱ्याचे दगड वाहून गेले. हिंमतराव म्हणे नाल्याच्या अलीकडची पट्टी माही, रहेमतुल्ला म्हणे माह्या बापानं तठी तूर पेरली. दोघं बैठकीत आले, एका बादलीतून पाणी प्याले.

उकंडरावनं भावाले बैलगाडीतून नेलं आणि गाडी सडकेवरच्या आंब्याखाली सोडली. मोठ्या भावानं धुऱ्यावर यायचं नाही, असा मोतीरामचाच दंडक होता. लोक म्हणतील, भावाच्या डोळ्याकडं पाहून चालला.

मोतीरामनं ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि निघाला. जुन्या बाभळीच्या खोडावरून, नांगराच्या उलट्या तासावरून, कोणती माती केव्हाची लोटलेली हे तळपायाले समजे तसा चालत राह्यला. ऊन माथ्यावर आलं होतं. पोटात काही नव्हतं. खोडाजवळच्या खड्ड्यात त्याचा पाय मुडपला. ढेकळाचा एक तुकडा फुटून खाली पडला.

तो थांबला.

"काही नाही झालं," हिंमतराव मागून बोलला. "तुकडाच पडला. ढेकूळ हाये न डोक्यावर. चाला."

"चाला मोतीरामभाऊ," रहेमतुल्ला बोलला. "ऊन लय झालं. चक्कर येईन तुम्हाले."

नेम म्हणत होता, माघारी फिर. पाय म्हणत होते, फिरू नको. मोतीरामनं वाकून तुकडा उचलला, ढेकळावर ठेवला, आणि तठूनच पुढं चालला. पट्टी रहेमतुल्लाकडं गेली. हिंमतरावनं मान डोलावली, बैठकीत येऊन मुकाट्यानं अंगठा देला. सडकेवर येऊन मोतीराम गाडीत बसला तं उकंडरावनं पुसलं, "झालं?" तो म्हणे, "झालं." बस, तेवढंच.

त्या साली पाऊस रुसला. ज्वारी वावरात वाळकी-वाळकी उभी होती, अजून कोणाच्याच घरी आली नव्हती, आणि दसऱ्याच्या मागं मानमोडीचा ताप आला. माणूस सकाळी बैल सोडे आणि दिवेलागणीले तिरडीवर राही. मढ्याले खांदा द्यायले माणसं पुरेनात. कबरी खोदता खोदता खोदणारेच पडत. तवा जोडवकिलाइनं बैठकीतले टेबल-कपाट अंगणात काढले आणि आत चटया टाकून ज्याचं कोणी नाही अशा आजाऱ्याइले ठेवलं. गफ्फार वकील सोता काढा उकळत. महादेवराव, ज्याइनं आयुष्यात कोणाच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, ते कोणाचंही तोंड पुसत. आणि मोतीराम विहिरीवरून पाणी ओढून एकेकाच्या तोंडात घाले. परक्याच्या लेकराले मांडीवर घेऊन बसे.

तो तठी असा बसलेला असतानाच उकंडराव गाडी घेऊन दारात आला. खाली उतरला नाही. फक्त म्हणे, "चाल. कोकिळा."

मोतीराम घरी पोचला तवा पोरगी तापानं फणफणून राह्यली होती. दोन्ही हातानं डोकं धरलेलं. बापाले ओळखलं तिनं. म्हणे, "बाबा, माह्या डोक्यावर ढेकूळ कोणं ठेवलं? काढा न."

तानुबाईनं ते ऐकलं. तिनं नवऱ्याकडं पाह्यलं. मोतीरामनं पोरीच्या कपाळावर हात फिरवला, जसं खरंच काही काढून फेकतो तसा. सकाळ होईस्तोवर कोकिळा गेली.

तेराव्याले तानुबाईनं एकदाच पुसलं. "तुम्ही नेम पाळला होता नं?"

"हाव," मोतीराम म्हणे.

सगळं आयुष्य खरं चाललेला माणूस, त्या एका शब्दात खोटा झाला. पण तिच्या तोंडाकडं पाहून दुसरं काय बोलणार होता तो?

मेले तं घराघरातले. हिंमतरावचाही धाकटा भाऊ गेला. पण लोक म्हणत, सगळे काही माती घेऊन चालले नव्हते. चालणाऱ्याचं घर बसलं, अजून ज्वारी खळ्यात आली नाही, म्हणजे माती बोलली. हिंमतरावनं बुलढाण्याचा एक वकील धरला आणि दावा लावला, का चालणारा खोटा चालला, पट्टी मले परत पाह्यजे.

गफ्फार वकिलाइनं मोतीरामले बैठकीत बसवलं. "नागपूरपर्यंत माणसं मेली, मोतीराम. त्याइनं कोणाचे धुरे चालले होते?"

"वकीलसाहेब," मोतीराम म्हणे, "तुकडा पडला होता." आणि सगळं सांगतलं.

मग महादेवराव बोलले, "कोर्टाले मातीशी घेणं नाही. दोघाइचे अंगठे हायेत, तेवढं पुरे. पण त्याइचा वकील पुसल्याबिगर राहणार नाही. हाव म्हणायचं का नाही, ते आम्ही तुले शिकवणार नाही."

"हाव म्हटलं तं दावा जाईन?"

"नाही जाणार."

"तानुबाई येणार हाये तारखेले," मोतीराम म्हणे. तवा त्या दोघाइले समजलं, त्याले भेव कशाचं हाये ते. आधीचे सगळे धुरे, सगळी इज्जत, ते एकीकडं. दुसरीकडं ती बाई, जिले त्यानं हाव म्हटलं होतं.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या ओसरीत गर्दी. रहेमतुल्लाची बायको बिलकिस तानुबाईचा हात धरून दाराशी बसली होती. उकंडराव सगळ्याइले ऐकू जाईन असा गरजून राह्यला होता, "माह्या भावाची माती आजवर भुईवर पडली नाही! पडली असं म्हणणारा समोर येऊ द्या!"

मोतीरामनं पिंजऱ्यात उभं राहून ते ऐकलं.

बुलढाण्याच्या वकिलानं इकडचं तिकडचं पुसलं आणि मग म्हणे, "चालताना माती पडली होती काय?"

मोतीरामनं दाराकडं नाही पाह्यलं. पाह्यलं असतं तं बोलला नसता.

"पडली होती, साहेब. एक तुकडा."

"पहिल्या दगडापासून पुन्हा चालले?"

"नाही. उचलून ठेवली आणि पुढं चाललो."

"म्हणजे धुरा खोटा."

"नाही, साहेब. धुरा खरा हाये. चालणारा चुकला."

सबजज साहेबाइनं निकाल देला, का कोर्ट मातीवर चालत नाही, दोघाइनं राजीखुशीनं अंगठे देले, तो करार कायम. दावा काढून टाकला. पट्टी रहेमतुल्लाचीच राह्यली. पण रहेमतुल्ला हसला नाही. आणि हिंमतराव ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. "मीच म्हटलं होतं रे, चाला म्हणून," तो म्हणे. "मीच म्हटलं होतं."

त्याच आठवड्याच्या बाजारात एकानं उकंडरावले टोचलं, "काय दादा, पडली न भावाची माती?" उकंडरावनं त्याची गचांडी धरली. "पडली! आणि भर कोर्टात सांगतली! नाही म्हणता येत होतं, दावा तसाही जितलेला होता. तुह्या सात पिढ्यात एक तरी असा झाला काय बे?" गचांडी सोडून तो निंबाकडं तोंड करून उभा राह्यला.

बैठकीनं मग पुन्हा कोणाच्या डोक्यावर माती ठेवली नाही. धुऱ्याचे लोक नंतरही निंबाखाली येत, एका बादलीतून पाणी पीत. पाणी मोतीराम ओढून देई. पण त्याच्या आधी, कोर्टातून निघाल्यावर त्याच दिवशी जे झालं, ते सांगाले पाह्यजे.

तानुबाई ओसरीतून उठून त्याच्यासमोर आली. "मले हाव म्हणाले होते तुम्ही," ती म्हणे. रागानं नाही. थकलेल्या माणसानं म्हणावं तसं.

"हाव," मोतीराम म्हणे.

"कोठी पडली ते दाखवा."

उकंडरावनं गाडी काटेगव्हाणकडं वळवली. सडकेवरच्या आंब्याखाली त्यानं बैल सोडले, आणि या वेळीही भाऊ म्हणून धुऱ्यावर गेला नाही. तठूनच पाहत राह्यला.

कापलेल्या ज्वारीची फणकटं उभी होती. मोतीराम बाभळीच्या खोडाजवळ गेला, खड्ड्याशी थांबला. "अठी."

तानुबाई खाली बसली. भुई सगळीकडं सारखीच होती, काळी, भेगाळलेली. "केवढी होती?"

मोतीरामनं चार बोटं आणि अंगठा जुळवून दाखवलं. लिंबाएवढं.

"एवढीशी?" तानुबाई म्हणे.

मोतीराम तसाच हात धरून उभा राह्यला, रिकाम्या बोटात ते लिंबाएवढं माप. खाली ठेवता येईना, सोडता येईना. तानुबाईनं भुईवरून चिमूटभर माती उचलली, पदराच्या टोकाले गाठ मारली, आणि उठून चालाले लागली. पुढं ती, मागं तो. धुऱ्यावरूनच आले दोघं, तो ज्या पावलाइनं चालला होता त्याच पावलाइनं, सडकेपर्यंत. उकंडरावनं बैल जुंपले आणि त्याइले गाडीत घेतलं.